मटणाची सोडत आणि माझा सोलो

वायला,
रविवार, दुपार

तीर्थरूप आलीमामा यांस,

भाची नरेलचा नमस्कार. साष्टांग घातला असता, पण गुडघ्याची वाटी बदलल्यापासून मी एकदा खाली गेले की वर यायला ब्रेंटनला हाक मारावी लागते, आणि नवरोजी सध्या शिडी लावून छपराच्या पन्हळीतली पानं काढताहेत. तेव्हा उभ्यानेच गोड मानून घ्या.

तुमच्या बोटांचे सांधे कसे आहेत? पोर्ट लिंकनची हवा मानवते म्हणता, पण माणूस एकदा होडीत गळ टाकून बसला की त्याला कुठलीही हवा मानवते. मागच्या महिन्यात बसने पाठवलेले मासे पोचले. (बर्फ वाटेत वितळला आणि ड्रायव्हरच्या डब्यात उतरला. तो तुमच्याबद्दल जे बोलला ते वडील माणसाला लिहिण्यासारखं नाही.) फोनच करणार होते, पण तुम्ही तो उचलत नाही, आणि उचललात तरी निम्मा वेळ वारा बोलतो आणि निम्मा वेळ तुम्ही माशांशी.

इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे नाही. आईचा उजवा कान पुरता गेला. डावा अजून चालतो, पण ॲडलेडच्या कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तोही फार तर वर्षभराचा सोबती, आणि मशीन लावून फारसा उपयोग व्हायचा नाही. आई म्हणाली, "बरं झालं, क्लबातल्या डल्सीची बडबड वाचली," आणि बाहेर आल्यावर तिने मला केक खायला नेलं. दोन तुकडे खाल्ले तिने. मला एकही गिळवेना. परतीच्या रस्त्यावर ती डुलक्या काढत होती आणि मी गाडी चालवताना रडत होते.

आता पत्राचं कारण. मामा, मी बँड सोडते आहे. तुमचा गिटारचा जुना ॲम्प्लिफायर बोल्स क्लबच्या मागच्या खोलीत आहे, तो कोणाबरोबर पाठवायचा ते कळवा. माझी गिटार मी विकणार आहे. हा निर्णय रागाच्या भरात घेतलेला नाही. (राग मागच्या महिन्यातच येऊन गेला.)

तुम्हाला पहिला भाग ठाऊक आहे, पण रडगाणं मधूनच सुरू केलं तर त्याला लय येत नाही. जहाजबांधणीचा कारखाना बंद पडला तेव्हा तुम्ही चार बेकारांनी मिळून 'फर्नेस' हा बँड काढलात आणि 'रिकामा धक्का' हे गाणं रचलंत. त्याच्या मधोमध गिटारचा सोलो. सोलो कसला, एकच स्वर! तार वर ओढायची आणि सोडायचीच नाही. पण त्या एका स्वराने अख्ख्या गावाला वेड लावलं. पायावर क्रेनचा हुक पडला तेव्हा ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, तो आपल्या टायरवाल्या ग्रबचा बाप म्हणे बोल्स क्लबात टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडला. आज ग्रब बँडमध्ये गातो तो बापाच्या त्या रडण्यामुळेच, असं तो स्वतः सांगतो. (गळ्यामुळे नाही, हे ऐकणाऱ्याला न सांगता कळतं.)

मग तुमची बोटं आखडली, तुम्ही माशांच्या मागे गेलात आणि तुमच्या जागी मी आले. मी शाळेत असल्यापासून मेट्रोनोमचा ठोका लावून रियाझ करते. दिवसा पोलादाच्या कारखान्यातले वजनकाटे तपासते, संध्याकाळी स्वतःची बोटं, आणि दोन्हीकडे तसूभर फरक मला खपत नाही. हेवी मेटल वाजवणारी पोरं ज्या वेगाने गिटार पळवतात ना, त्या वेगाने मी तुमच्या गाण्यात नवा सोलो बसवला. दोन्ही हात गिटारच्या मानेवर, स्वरामागून स्वर, आणि शेवटी एक असं अवघड वळण की तिथे करंगळी जराशी हुकली तर सगळा डोलारा खाली यावा. अकरा वर्षांत तो एकदाही खाली आला नाही. मी त्याचं कौतुक ऐकायला थांबले आहे, आणि अजून थांबलेलीच आहे.

कारण सोलो सुरू झाला की खुर्च्या सरकायला लागतात. कोणी सिगारेट ओढायला जातं, कोणी बिअर आणायला, आणि उरलेला क्लब उठतो तो मटणाच्या सोडतीची तिकिटं घ्यायला. चॉप्सचा ट्रे, सॉसेजचा ट्रे, बेकनचा ट्रे, ज्याचा नंबर निघेल त्याला एक, असे सगळे स्टेजला लागून असलेल्या टेबलावर मांडलेले असतात, आणि लोक माझ्या बोटांकडे पाठ करून त्या चॉप्सकडे ज्या मायेने बघतात, ती माया माझ्या वाट्याला कधी आली नाही. आणि सगळ्यांत आधी उठतं कोण? तुमची सख्खी बहीण. दर शुक्रवारी पुढच्या टेबलावर येऊन बसते, चष्मा पुसते, गाण्याचे शब्द ओठांतल्या ओठांत म्हणते, आणि माझं बोट तारेवर पडतं न पडतं तोच पर्स काखोटीला मारून तिकिटांच्या टेबलाकडे चालू लागते. माझ्या आईने माझा एकही सोलो समोर बसून ऐकलेला नाही, मामा. तुमचा एकही चुकवला नव्हता. मी हे मनात धरलेलं नाही असं सगळ्यांना सांगते.

तरी मी गप्प होते. पण मागच्या महिन्यात क्लबची वार्षिक सभा झाली आणि सोडतीची तिकिटं विकणाऱ्या डल्सीने मला कोपऱ्यात घेऊन मिठी मारली. म्हणाली, "नरेल, राणी, तुझा तो सोलो जरा वाढव ना." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कोणी मागितलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "अगं, अख्ख्या कमिटीने! तू सुरू झालीस की तिकिटं अशी खपतात की फाडता फाडता माझा अंगठा सुजतो. तू मध्येच संपवतेस आणि रांगेतले निम्मे परत जाऊन बसतात. पुरुषांच्या मुतारीचं नवं छप्पर तुझ्या सोलोवर झालंय गं!" तिथे माझ्या नावाची पाटी लावावी असाही कोणाचा तरी विचार होता, पण पाटी आतून लावायची की बाहेरून यावर मतभेद झाल्यामुळे तो बारगळला.

घरी येऊन मी ब्रेंटनला सांगितलं. तो म्हणाला, छप्पर मात्र चांगलं झालंय. अशा माणसाबरोबर मी संसार करते आहे.

मग मी ठरवलं की भावना शिकायची. हसू नका. जे दुसऱ्याला येतं ते रियाझाने मला का येऊ नये? आधी ग्रबला विचारलं. तो टायर काढत होता. म्हणाला, "खरं सांगू? तुझी बोटं बघितली की मला दातांचा डॉक्टर आठवतो. काम एक नंबर, पण कधी एकदाचं संपतंय असं होतं. तू मनातून वाजव." मी विचारलं, मनातून म्हणजे नक्की कुठून? त्याने छातीवर हात ठेवला, मग थोडा खाली पोटावर आणला, आणि भूक लागली म्हणून मीट-पाय खायला निघून गेला. (आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातला, खिमा भरून भाजलेला. त्याने दोन खाल्ले.)

नाइलाजाने मी स्वतःच अभ्यास सुरू केला. मोठमोठे गिटारवाले वाजवताना डोळे मिटतात, मान मागे टाकतात आणि तोंड वाकडं करतात, एवढं तर उघड दिसत होतं. मी शेडमध्ये आरसा टांगला आणि रोज तोंड वाकडं करण्याचा रियाझ धरला. चौथ्या दिवशी ब्रेंटन दारात येऊन उभा राहिला आणि पित्ताचं औषध ठेवून गेला. पुढच्या शुक्रवारी स्टेजवर मी डोळे मिटले, मान मागे टाकली, भावनेच्या भरात दोन पावलं बाजूला सरकले, आणि माझा उजवा पाय स्टेजवरून सुटून सरळ सॉसेजच्या ट्रेमध्ये गेला. मामा, त्या क्षणी अख्खा क्लब उठून उभा राहिला! लोकांच्या चेहऱ्यावर ती तळमळ, तो हुंकार, ते डोळे! मला वाटलं, जमलं. मग कळलं की तो सगळा जीव सॉसेजवर होता. ज्याला तो ट्रे लागला त्याने बुटाचा ठसा उमटलेला भाग कुत्र्यासाठी वेगळा बांधून घेतला.

त्यानंतर मी चुका करायचं ठरवलं. ग्रबचं म्हणणं, तुमच्या वाजवण्यात माणूस दिसायचा कारण ते जरा ओबडधोबड होतं. ठीक. मी सोलोमध्ये तीन चुका नेमल्या, मेट्रोनोम लावून घोटवल्या आणि शुक्रवारी अगदी जागच्या जागी वाजवल्या. लोक नेहमीसारखे तिकिटांना गेले. पुढच्या शुक्रवारी पुन्हा त्याच चुका, पुन्हा तिथेच. तिसऱ्या खेपेला ग्रब माइक हाताने झाकून म्हणाला, "नरेल, तुझ्या चुकासुद्धा चुकत नाहीत गं. किती भीती वाटते त्याची!" ज्याला चूकही धड करता येत नाही त्या माणसाने जगात कुठे जावं, हे तुम्हीच सांगा. तुम्ही तर आयुष्यभर सहज करत आलात. (हा टोमणा नाही. म्हणजे आहे, पण आदराने मारलेला.)

आणि आता परवाचा शुक्रवार. आईच्या कानाचं कळून आठवडाही झाला नव्हता. ती पुढच्या टेबलावर बसली होती, डावा कान स्टेजकडे करून. गाणं सोलोपर्यंत आलं, तिचा हात पर्सकडे गेला, आणि मला एकदम वाटलं की आता नाही तर कधीच नाही. माझा सोलो मी गिळला आणि तुमचा स्वर वाजवला. तार ओढली आणि धरून ठेवली.

मामा, ती उठली नाही. अर्धी उठली होती, थांबली, माझ्याकडे बघितलं आणि परत खाली बसली. पर्स टेबलावर ठेवली. दोन्ही हात मांडीवर घेऊन माझ्या हातांकडे बघत राहिली. मला भरून आलं. खोटं नाही, आरशातलं नाही, खरंच. तोंडही आपोआप वाकडं झालं असावं. मी तो स्वर सोडेना. क्लबमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. सिगारेटला निघालेले दारात थबकलेले, हातातले ग्लास हातात, आणि माझी आई माझ्यासमोर बसलेली.

आता ह्या शांततेचं डल्सीला काय वाटलं असेल? माझ्या सोलोत इतकी वर्षं जिने कधी शांतता ऐकलीच नाही, तिला वाटलं गाणं संपलं. तिने सरळ दुसरा माइक उचलला आणि ओरडली, "गुलाबी तिकीट! सत्तेचाळीस! चॉप्स! कोणाकडे आहे गुलाबी सत्तेचाळीस?" मी अजून तार धरूनच होते. एवढ्यात आमच्या गायकाने, ग्रबने, टोपीतून तिकीट काढून बघितलं आणि त्याच्या माइकमधून सगळ्या क्लबला ऐकू गेलं, "माझं! च्यायला, माझंच की!" आणि तो गाण्याचं शेवटचं कडवं तसंच टाकून स्टेजवरून उडी मारून चॉप्स आणायला धावला. टाळ्या अशा पडल्या की विचारू नका. त्यातल्या किती माझ्या, किती ग्रबच्या आणि किती चॉप्सच्या, हे मी शोधायला गेले नाही.

पण टाळ्यांचं दुःख नाही. दुःख वेगळंच आहे आणि ते तुम्हालाच सांगता येतं. आयुष्यात एकदा माझी आई माझ्यासमोर बसली, आणि त्या वेळी मी नव्हतेच. तिच्यापुढे तुम्ही वाजवत होतात. एवढ्या वर्षांचा रियाझ, बोटांचे घट्टे, शेजाऱ्यांच्या शिव्या, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तिला माझं काही नकोच होतं, तिला धाकट्या भावाचा एक स्वर हवा होता. मला तुमचा राग येत नाही. मत्सर येतो, आणि मत्सर झालेला माणूस स्टेजवर शोभत नाही. वर्षभराने तिचा डावा कानही जाईल. मग मी कितीही भावना शिकले तरी ती कोणाला ऐकवणार? म्हणून सोडते आहे. माझ्या जागेवर ग्रब त्याच्या पुतण्याला बसवेल म्हणतो. त्या पोराला तीनच कॉर्ड येतात आणि पोरी त्याला बघून रडतात.

तब्येतीला जपा. थंडी पडायला लागली आहे, पहाटे होडी काढू नका. ब्रेंटन तुम्हाला नमस्कार सांगतो. (सांगितलेला नाही, पण शिडीवरून उतरला की सांगेल.)

तुमची हताश भाची,
नरेल

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून पुन्हा लिहिते आहे. आत्ताच आईकडून जेवून आले. ग्रबने ते चॉप्स तिला आणून दिले होते. बटाटे सोलता सोलता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, शुक्रवारी बसून कशी राहिलीस?

"मला वाटलं, तुझा हात दुखतोय," आई म्हणाली. "नेहमीसारखं काही वाजवेचनास. म्हटलं, पोरीला काय झालं बघावं."

मग नेहमी का उठतेस, असं मी डाव्या कानाशी जाऊन मोठ्याने विचारलं. जरा जास्तच मोठ्याने विचारलं गेलं. तिने सुरी खाली ठेवली.

"कार्टे, तू सहा वर्षांची असताना धक्क्याच्या कठड्यावरून पळत सुटली होतीस. तुझा आलीमामा मागून बोंबलत होता. मी डोळे मिटून घेतले होते, मला बघवेना. तू ते भरभर वाजवायला लागलीस की मला तोच कठडा दिसतो. आता पडेल, मग पडेल. समोर बसून बघायचं कसं मी? म्हणून उठून जाते."

मी म्हटलं, आणि मामा वाजवायचा तेव्हा?

"आलीचं काय? त्याला येतच होता एक स्वर. जमिनीवर बसलेला माणूस पडणार कुठून?"

(मामा, शब्द तिचे आहेत. मी फक्त लिहून घेतले, आणि तेही सावकाश, चवीने.)

मग तिने टेबलावर बोटांनी ठेका धरला. माझ्या सोलोचं शेवटचं वळण, मामा. जसंच्या तसं. करंगळीच्या आधी मी जी केसाएवढी थांबते, ती जागासुद्धा तिने बरोबर सोडली. म्हणाली, "इथे मी श्वास धरते. एवढं पार पडलं की मग सोडते आणि डल्सीकडून तिकीट घेते. त्याच्या आधी कधी घेतलं असेल तर डल्सीला विचार." आणि मग मला आठवलं की तिकिटांच्या टेबलाशी ती नेहमी तिरकी उभी राहते. मला वाटायचं, चॉप्स नीट दिसावेत म्हणून. डावा कान माझ्याकडे असतो.

मी बटाट्यांवर रडले. तिने ते पुन्हा धुतले.

ता. क. २. बँड सोडण्याबद्दल वर जे लिहिलंय ते खोडत नाही, एवढं सुबक अक्षर पुन्हा येणार नाही. पण ते वाचू नका. खरं काम वेगळंच आहे. येत्या शुक्रवारी तुम्ही इकडे या. वाजवायला नाही. आईच्या शेजारी बसायला. माझा सोलो सुरू झाला की ती उठू लागेल, तेव्हा तिचा हात धरून ठेवा. तुमची ती आखडलेली बोटं तारेच्या उपयोगाची उरली नाहीत, पण एकदा मिटली की सुटत नाहीत असं तुम्हीच सांगता. मला तेवढंच हवं आहे. ती शिव्या घालेल, डोळे मिटेल, मिटू द्या. पुढच्या शुक्रवारी पुन्हा धरा. कधीतरी एक डोळा उघडेल. मी पडत नाही हे तिला दिसायला हवं, मामा. कान जाईल तेव्हा तिच्यापाशी माझी बोटं बघणंच राहणार आहे, आणि त्याची सवय तिला आतापासून लागायला हवी. तिची तिकिटं मी आधीच काढून ठेवीन, म्हणजे चॉप्सची सबब नको.

ता. क. ३. मासे आणा. गिटार आणू नका.